रानकोंबड्याचं देणं

1831 सालच्या जूनमध्ये दख्खनमधले दोन कोंबडे आणि एक कोंबडी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांना घेऊन आला होता कर्नल विल्यम हेन्री साइक्स. खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध कंपनीच्या बाजूनं लढलेला हा अधिकारी. 1824 मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. मग पुढची काही वर्षं तो मुलूखभर फिरत पिकं, पाऊस, वजनंमापं यांच्या जोडीनं पक्षी, मासे आणि जनावरंही टिपत राहिला. त्यानं नेलेली ती कोंबडी बोटीचा प्रवास आणि तिथला हिवाळा सोसून जगली, भरपूर अंडी घालू लागली, आणि सप्टेंबर 1832 पर्यंत तिनं दोनदा पिलं काढून वाढवलीही.

ही जात झुंजीची, धिप्पाड. साइक्सकडचा एक कोंबडा डोक्यापर्यंत 26 इंच भरत होता. ती मूळची इथली नसावी, मुसलमानांनी सुमात्रा किंवा जावाकडून आणली असावी, असं त्याचं मत होतं. 1832 मध्ये त्यानं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली, त्यात या कोंबड्यांची माहिती आहे. मला मात्र त्याच यादीतलं दुसरं टिपण जास्त मोलाचं वाटतं. ते आहे घाटातल्या रानकोंबड्याचं.

पश्चिम घाटाच्या जंगलात हा पक्षी भरपूर आहे, असं साइक्स नोंदवतो. त्यातही त्याला दोन प्रकार दिसले. दोन हजार फुटांच्या आसपासच्या खोऱ्यांत सडपातळ, उंच पायांचा. चार हजार फुटांवरच्या रानपट्ट्यात आखूड पायांचा आणि अंगावर तांबडा रंग जास्त असलेला. अंड्यांवर बसलेली एक रानकोंबडी त्यानं मारली, तर तिच्या घरट्यात तीनच अंडी निघाली. कित्येक पक्ष्यांच्या पोटात त्याला एका रानगवताच्या दगडासारख्या टणक बियांशिवाय दुसरं काही सापडलं नाही. त्याच्या यादीत पक्ष्यांची इथली नावं आहेत. ती नावं सांगणारी, वाट दाखवणारी, घरटी ठाऊक असलेली माणसं मात्र इतिहासात राहिली नाहीत, आणि हे मला खटकतं. दख्खनच्या पाखरांची पहिली छापील ओळख त्यांच्या माहितीवर उभी आहे.

कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावरून पश्चिमेला पन्हाळा दिसतो आणि त्याच्या पलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग सुरू होते. तिथून दक्षिणेला राधानगरी-दाजीपूर, उत्तरेला चांदोली. ही सगळी रानं या राखी रानकोंबड्याचं घर आहेत. पहाटे त्याची तुटक बांग कानावर येते, पण तो स्वतः क्वचितच नजरेला पडतो. नराच्या मानेवरचं पीस जवळून पाहिलं तर त्याचं वेगळेपण कळतं. काळसर-राखी पिसावर मेणाचा थेंब पडून गोठावा तसा चकचकीत ठिपका असतो, आणि टोकाकडे तो पिवळा होत जातो. त्या जागी पिसाचे तंतू एकमेकांना चिकटून त्यांची चपटी, टणक पट्टीच झालेली असते. ब्रिटनमध्ये सॅमन मासा धरायच्या गळावर जी खोटी माशी बांधतात, तिच्यासाठी या पिसाला फार मागणी होती. त्यापायी हिंदुस्थानातून या पक्ष्याच्या माना वर्षानुवर्षं परदेशी जात राहिल्या.

साइक्सची कोंबडी इंग्लंडात पिलं वाढवत होती, तेव्हा लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायरमध्ये एका जमीनदाराच्या आवारात कोंबड्यांच्या रंगाचं मोठं काम पुरं होऊन गेलं होतं.

सर जॉन सेब्राइट (1767–1846) हा 1807 पासून पार्लमेंटचा सभासद. कुत्री, कबुतरं, ससाणे, कोंबड्या, सगळ्यांचा त्याला नाद. 1800 च्या आसपास त्यानं बँटम हातात घेतली. जावा बेटावरच्या बांतेन बंदराचं नाव मिरवणाऱ्या या कोंबड्या अंगानं लहान, पाळायला सोप्या. सेब्राइटला हवा होता तो असा पक्षी: जेमतेम सहाशे ग्रॅमचा, अंगावरचं प्रत्येक पीस सोनेरी किंवा रुपेरी, आणि त्या प्रत्येक पिसाला सगळ्या बाजूंनी सारख्या जाडीची काळी कड.

ऐकायला सोपं वाटतं, पण इथे एक अडचण होती. कोंबड्याच्या मानेवरची आणि कमरेवरची पिसं लांब, निमुळती असतात. त्यांच्यावर अशी गोल कड बसत नाही. कोंबडीची पिसं टोकाला गोलसर, म्हणून तिच्या अंगावर ती उठून दिसते. नर-मादी दोघांवर सारखी नक्षी हवी, तर नराची पिसंही कोंबडीसारखीच हवीत. पुढे डार्विननं नोंदवलेल्या हकिकतीनुसार सेब्राइटनं आधी साध्या बँटमचा संकर डोक्यावर झुबका असलेल्या पोलिश कोंबड्यांशी केला आणि मग त्यात कोंबडीसारख्या शेपटीचा एक बँटम नर आणला. त्यानंतर वर्षामागून वर्षं निवड चालली. कड तुटकी दिसली, पीस डागाळलेलं निघालं, अंग मोठं झालं, की तो पक्षी बाद. शेवटी जो पक्षी तयार झाला त्याच्या नराला ना वळणदार शेपटी, ना मानेवरची लांब झूल. बांग देणारा, टाचेला नखी असलेला नर, पण पिसारा हुबेहूब कोंबडीचा. या एका जातीसाठी हौशी मंडळींनी स्वतंत्र क्लब काढला. वर्षातून एकदा लंडनमध्ये जमून ते आपापले पक्षी एकमेकांना दाखवत.

कबुतरांच्या बाबतीत सेब्राइटला आपल्या हातावर एवढा भरवसा होता, की हवं ते पीस तीन वर्षांत काढून देतो, डोकं आणि चोच मनासारखी हवी तर सहा वर्षं लागतील, असं तो म्हणे. डार्विननं हे 1859 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नमूद केलं. ही बढाई नव्हती. 1809 मध्ये सर जोसेफ बँक्स यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात सेब्राइटनं पशुपैदाशीवर एक छोटी पुस्तिका छापली. तीत त्यानं स्वतःच्या आवारातले तोटेही मांडले आहेत. एकाच घरातल्या जनावरांचा आपसात पिढ्यान्‌पिढ्या मेळ घालत गेल्यावर त्याची दणकट स्पॅनियल कुत्री मांडीवर बसवायच्या किरकोळ कुत्र्यांसारखी झाली. कोंबड्या लांब पायांच्या, बारक्या अंगाच्या झाल्या आणि पिलं नीट देईनाशा झाल्या.

गोष्ट अशी, की हे कळूनही त्याच्या बँटमना त्यातून सुटका नव्हती. ती काळी कड टिकवायची तर बाहेरचं रक्त आणायचं नाही, कारण बाहेरच्या एका कोंबडीनं दहा वर्षांची मेहनत मोडते. आणि बाहेरचं रक्त आणलं नाही तर अंडी फळत नाहीत. सेब्राइटच्या कळपातून थेट उतरलेल्या रुपेरी बँटम डार्विननं पुढे स्वतः पाहिल्या. त्या वर्षी दोन भरलेल्या घरट्यांतून एकही पिल्लू बाहेर आलं नव्हतं. जातिवंत पाखरांच्या सगळ्या इतिहासात रंगाची किंमत इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

1835 मध्ये इंग्लंडात कायद्यानं कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्या आणि झुंजीत गुंतलेली हौस प्रदर्शनांकडे वळली. 1845 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. चीनकडून आलेल्या, पायांवर पिसं असलेल्या कोचीन कोंबड्यांनी लोकांना वेड लावलं आणि एकेका जोडीला कल्पनेपलीकडचे भाव आले. याच लाटेत चार्ल्स डार्विन कोंबड्यांकडे वळला. त्याला बक्षीस नको होतं, वंशावळ हवी होती.

1855 च्या सुमारास डार्विननं जगभरच्या ओळखीच्यांकडे कोंबड्यांची कातडी मागवली. केंट परगण्यातल्या डाउन गावी स्वतःच्या घरी त्यानं संकर केले. काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी सिल्की कोंबडी यांच्या एका नर पिलाची गोष्ट त्यानं मोठ्या नवलानं सांगितली आहे. सुरुवातीला ते कोळशासारखं काळं होतं. वाढता वाढता त्याच्या अंगावर झळझळीत तांबडा-नारिंगी पिसारा उमटला, थेट जंगली कोंबड्यासारखा. आईबापांपैकी कोणाच्याच अंगावर तो रंग नव्हता. म्हणजे तो रक्तात दडून बसला होता.

कोलकात्याहून एडवर्ड ब्लाइथ हा पक्षितज्ज्ञ डार्विनला कळवत होता, की साऱ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या. तो तांबडा पक्षी उत्तर आणि पूर्व भारतापासून आग्नेय आशियापर्यंतचा. मग आपल्या घाटातला राखी रानकोंबडा? डार्विननं त्याचा दावाही तपासला आणि फेटाळला. मानेवरच्या त्या टणक ठिपक्यांचं पीस कुठल्याच पाळीव जातीत नाही. तुरा वेगळा, आवाज तर पारच वेगळा. शिवाय संकर वाढत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात राखी आणि इतर रानकोंबड्यांच्या संकरातून सुमारे 500 अंडी घेतली गेली. जगून वाढली ती 12 पिलं, आणि त्यातही संकरित नर-मादीच्या जोडीतून आलेली फक्त तीन. 1868 च्या आपल्या ग्रंथात डार्विननं निकाल दिला: पूर्वज एकच, तांबडा. पुढची एकशे चाळीस वर्षं बहुतेक अभ्यासक याच निकालावर चालले.

दडलेला रंग बाहेर कसा येतो, याचं उत्तर 1900 मध्ये हाती लागलं. मेंडेलचे 1866 मध्ये छापून विस्मरणात गेलेले वाटाण्याचे प्रयोग त्या वर्षी पुन्हा उजेडात आले. केंब्रिजचा विल्यम बेटसन कोंबड्यांवर काम करतच होता. 1902 मध्ये त्यानं दाखवून दिलं, की कोंबडीच्या तुऱ्याचा आकार मेंडेलच्या नियमानंच पिढीत उतरतो. वनस्पतींचा नियम प्राण्यांनाही लागू पडतो, याचा हा अगदी पहिल्या पुराव्यांपैकी एक. पुढे रेजिनाल्ड पनेट त्याच्या जोडीला आला.

रंगांच्या बाबतीत त्यांना जे दिसलं त्यानं जुन्या जाणत्यांचे कित्येक समज पालटले. निळसर अँडल्यूजियन कोंबडी घ्या. निळ्याला निळा लावला तर पिलं सगळी निळी निघत नाहीत. साधारण निम्मी निळी, पाव काळी, पाव मळकट पांढरी. कितीही पिढ्या निवड करा, हा हिशोब बदलत नाही, कारण निळा रंग काळ्याचं आणि पांढऱ्याचं एकेक जनुक एकत्र आल्याशिवाय बनतच नाही. पण काळ्याला मळकट पांढरा लावा, सगळी पिलं निळी! ज्या पिलांना लोक बाद म्हणून काढून टाकत होते, तीच हव्या त्या रंगाची खाण होती. पांढरी सिल्की आणि पांढरी डॉर्किंग यांचा मेळ घातला तर पिलं रंगीत निघतात, हेही उलगडलं. दोघींचा पांढरेपणा वेगवेगळ्या जनुकांमुळे, म्हणून एकीचं उणं दुसरी भरून काढते. डार्विनच्या काळ्या पिलाच्या अंगावर उमटलेल्या तांबड्याचं कोडंही याच वाटेनं सुटू लागलं.

सेब्राइटची बँटम या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा आली. 1914 मध्ये पनेट आणि बेली यांनी हँबर्ग कोंबड्यांचा रुपेरी सेब्राइटशी संकर केला, तर नातवंडांच्या पिढीत काही पक्षी हँबर्गहून जड आणि काही सेब्राइटहूनही हलके निघाले. बुटकेपणा हा एका जनुकाचा खेळ नाही, तो अनेकांचा मिळून ठरतो, हे त्यातून कळलं. न्यूयॉर्कमध्ये फळमाशीवरच्या कामानं गाजलेल्या थॉमस हंट मॉर्गननं सेब्राइटचे नर खच्ची केले, आणि पुढच्या पिसांच्या बदलात त्या नरांना लांब, निमुळती, खऱ्या कोंबड्याची पिसं फुटली. 1919 मध्ये त्यानं ते काम प्रसिद्ध केलं. सेब्राइटनं शंभर वर्षांपूर्वी नुसत्या नजरेनं जे टिपलं होतं, ते हार्मोनचं काम निघालं. 1980 च्या दशकात त्याचा उलगडा आणखी पुढे गेला: या जातीच्या नराच्या कातडीतच नराच्या हार्मोनचं मादीच्या हार्मोनमध्ये रूपांतर होतं.

सोनेरी आणि रुपेरी या दोन रंगांत फरक एकाच जनुकाचा, आणि ते जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं. सोनेरी कोंबड्याला रुपेरी कोंबडी लावली की सगळ्या तलंगा सोनेरी आणि सगळे नर रुपेरी. म्हणजे अंड्यातून बाहेर पडल्याच्या दिवशीच लवेच्या रंगावरून नर-मादी ओळखता येते. तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा जगभरचा धंदा पुढे याच युक्तीवर उभा राहिला.

आता कोंबडीच्या पायांच्या पिवळ्या रंगाकडे. अमेरिकेत एक नवी मोठी जात घडत होती. रुपेरी पिसाला काळी कड अशी तिची ठेवण, म्हणून तिला आधी ‘अमेरिकन सेब्राइट’ म्हणत. 1883 मध्ये वायनडॉट या नावानं ती मान्य झाली आणि नंतर तिचीही बँटम निघाली. सेब्राइटचे पाय पाटीसारखे निळसर. वायनडॉटचे पिवळेधमक. तसेच पिवळे पाय लेगहॉर्नचे, बहुतेक ब्रॉयलरचे, आपल्याकडच्या असंख्य गावठी कोंबड्यांचेही. हा पिवळा आला कुठून?

2008 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या लाइफ अँडरसन यांच्या गटानं त्याचं उत्तर दिलं. मका, हिरवा पाला यांतला पिवळा रंग कोंबडीच्या अंगात जातो. एरवी कातडीतलं एक जनुक त्या रंगाची मोडतोड करून टाकतं, म्हणून कातडी पांढरी राहते. पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत ते जनुक कातडीपुरतं मंद पडलेलं असतं आणि रंग साठत जातो. त्या मंद जनुकाची अक्षरं तांबड्या रानकोंबड्याशी जुळेनात. ती जुळली राखी रानकोंबड्याशी. डार्विनचा निकाल बऱ्याच अंशी खरा, पण पुरा खरा नव्हता. पाळीव कोंबडीच्या अंगात दुसरंही रक्त आहे. राखी रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाबाहेर राहतच नाही, तेव्हा तो मेळ आपल्याच भूमीवर घडला असणार. लंडनमधल्या 500 अंड्यांतून 12 पिलं जगली हे डार्विनला नकाराचं कारण वाटलं. पण रानाच्या कडेला असलेल्या एखाद्या वस्तीत त्यातलं एक पिल्लू जगून गावठी कळपात मिसळलं, तरी तेवढं पुरे होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत नव्या जाती घडवणाऱ्यांनी तो रंग वापरला, पण तो कुठून आला हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे अंड्यांचा धंदा वाढला तो पांढऱ्या लेगहॉर्नच्या बळावर. पिंजऱ्यात ती चालली, परसात नाही. मोकळ्या अंगणात पांढरी कोंबडी घारीला आणि मुंगसाला लांबून दिसते. शिवाय बाजारात गिऱ्हाईक रंगीत कोंबडीलाच गावठी समजून चार पैसे जास्त देतं. म्हणून बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं गिरिराजा आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्रानं वनराजा अशा मुद्दाम रंगीत पिसांच्या जाती परसासाठी काढल्या. पशुसंवर्धन खात्याचं कोल्हापुरात मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. गिरोली, कुशिरे, पोहाळे अशा जोतिबाच्या पायथ्याच्या गावांतल्या डालग्याखाली आज तांबडी, भुरी, काळी, ठिपक्यांची पिलं एकत्र दिसतात, ती या साऱ्या हालचालींची मिसळ आहे.

रंगाचा मोह महागातही पडतो. कडकनाथ ही झाबुआकडची, हाडामांसापर्यंत काळी कोंबडी. तिचा काळेपणा ज्या जनुकीय बदलामुळे आला, त्याच बदलानं सिल्कीचीही कातडी काळी केली आहे. या काळ्या रंगाच्या नावावर 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांची मोठी फसवणूक झाली. पिलं चढ्या भावानं गळ्यात मारली गेली, अंडी आणि पक्षी परत विकत घ्यायचा शब्द मोडला. कष्टाचे पैसे बुडालेल्या त्या घरांचं दुःख मोठं आहे. कोंबडीचा त्यात दोष नव्हता.

आता आपल्याकडेही सिल्की, पोलिश, सेब्राइट अशा शोभेच्या कोंबड्या पाळणारी तरुण मुलं वाढली आहेत. नवा रंग काढायची ईर्ष्या त्यांच्यात आहे, आणि ती चांगलीच आहे. त्यांना सांगायचं ते एवढंच. एकाच जोडीच्या पिलांचा आपसात मेळ घालत राहाल तर तीन-चार पिढ्यांत खुडूक कोंबडीखालची अंडी फुकट जाऊ लागतील. दोन वेगळ्या ठिकाणांहून आणलेले कळप वेगळे ठेवा, पिलांच्या पायात कडी घाला, कोणाला कोण लावलं ते वहीत लिहा, आणि नको त्या रंगाचं पिल्लू लगेच काढून टाकू नका. निळ्याचा हिशोब आठवा. आणि रानकोंबड्याची अंडी रानातून आणून गावठी कोंबडीखाली ठेवायचा विचार कोणी करू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि त्याची गरजही नाही. त्याच्याकडून आलेला पिवळा रंग उबवणी केंद्रातून आणलेल्या पिलांच्या पायांत आहेच.